मी ज्याला अंबाडी म्हणालो

आखाती देशातील अर्दिया येथील ज्या गोदामात मी गेली एकवीस वर्षे स्टोअरकीपर म्हणून काम करतो, तेथे बियाण्यांची खोली सर्वांत आत आहे. ती बारा महिने थंड ठेवावी लागते. लोखंडी कप्प्यांवर काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची यांच्या संकरित वाणांचे सीलबंद डबे ओळीने मांडलेले असतात. अब्दली आणि वफ्रा येथील शेतांवरचे लोक गाड्या घेऊन येतात. मी पावती पाहतो, डबा काढून देतो, संगणकावर नोंद करतो. प्रत्येक डब्यावर थोड्याफार फरकाने तेच लिहिलेले असते: भरघोस उत्पन्न, एकसारखी फळे, रोगांस प्रतिकार. मी कृषी महाविद्यालयाचा पदवीधर आहे. संकरित बियाणे कसे तयार करतात, या प्रश्नाचे मी एकेकाळी दहा गुणांचे उत्तर लिहिले होते आणि माझ्या आठवणीप्रमाणे मला त्यात साडेआठ गुण मिळाले होते. परंतु वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत मी स्वतःच्या हाताने एकही बी मातीत टाकलेले नव्हते. पदवी हाती आली तेव्हा आमची जमीन काकांच्या वाट्याला गेलेली होती, आणि मी नोकरी धरली. याची खंत वाटली असे लिहिणे खोटे ठरेल. त्या वेळी मला काही वाटले नाही, आणि पुढेही वाटले नाही.

माझ्या या स्वभावाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले ते त्यातूनच घडले. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मी वार्षिक साठामोजणीत होतो. एका कप्प्याची मोजणी अर्धवट राहिली होती. मी ती पूर्ण केली, आकडा लिहिला, मग मॅनेजरकडे जाऊन रजा मागितली. मॅनेजर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याने काय पाहिले ते मला समजले, पण त्यावर करण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

मी राहत असे ते घर जलीब अल शुयूखमध्ये, एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीत काच बसवून बंद केलेली एक बाल्कनी. आम्ही तिघे होतो. सर्वांत वडीलधारे म्हणजे चाचा. ते रायगडच्या किनाऱ्यावरचे, वय बासष्ट, एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गल्ल्यावर बसत. दुसरा रत्नागिरीकडचा, अडतीस वर्षांचा, फरशी बसवणारा कारागीर. तो मला काका म्हणे. आणि तिसरा मी, लातूरकडचा. चाचा मला मास्तर म्हणत. मी कधी कोठे शिकवलेले नाही, परंतु त्यांचे अर्ज, विम्याचे कागद, मुलीच्या शाळेचे पत्र, सारे मीच लिहीत असे.

घराचा करार चाचांच्या नावावर होता. या एका गोष्टीचा अर्थ येथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. घरात जे सापडेल ते प्रथम ज्याच्या नावावर घर आहे त्याचे ठरते. बाकीच्यांची चौकशी नंतर. चाचांना पुढच्या वर्षी कायमचे गावी जायचे होते. चौतीस वर्षांत त्यांच्यावर साधी वाहतूक पोलिसांची चिठ्ठीही नव्हती, अर्थात त्यांनी कधी गाडीही चालवली नव्हती. "आलो तसा स्वच्छ जायचा," असे ते म्हणत.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, उन्हाळा ओसरल्यावर, मी बाल्कनीत काकडी लावली. एक डबा चेपून फुटला होता, त्यातील थोडे बी मॅनेजरने मला नेऊ दिले. का लावावीशी वाटली ते सांगता येणार नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यांना भोके पाडली, नर्सरीतून माती आणली. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी बादलीत साठवून तेच घातले, कारण नळाच्या पाण्यात क्षार फार. पुस्तकात जे होते ते मी सारे केले. वेल हातभर वाढले आणि थांबले. महिनाभराने एक काकडी लागली, ती प्रश्नचिन्हासारखी वाकडी.

फरशीवाल्याने ती पाहिली आणि दारात उभ्या उभ्या हसला.

"काय ओ काका, ही काकडी हाय का काकडीचा आजार?"

"प्रकाश कमी पडतो," मी म्हणालो.

"आमच्याकडं कुंपणावर आपसूक चढते. तिच्यासाठी कोण डिग्री घेत नाय."

दोन दिवसांनी तो पुन्हा बाल्कनीत आला. त्याच्या हातात औषधाची एक छोटी बाटली होती, तिच्यात पंधरा-वीस बिया. त्याच्या कामावरचा एक जण कायमचा मायदेशी परत गेला होता, त्याने जाताना ती दिली होती.

"हे लावा काका. हायब्रीड हाय. एक झाड दहा झाडांचा काम करता, असा तो बोलत होता."

"कसले बी आहे?"

"तुमी शिकलेले, तुमी सांगा."

मी बी तळहातावर घेतले. गोलसर, गुळगुळीत, करड्या रंगावर नक्षीसारख्या गडद रेघा. आमच्या पाठ्यपुस्तकात तंतुपिकांच्या प्रकरणात ताग, अंबाडी आणि भांग यांची बियाणी एकाच पानावर छापलेली होती. ते पान उजव्या बाजूचे होते, हेही मला आठवले. मला ते ओळखायला एक क्षणही लागला नाही. या देशात त्या झाडाबद्दल काय शिक्षा होते हेही मला माहीत होते. प्रत्येकाला माहीत असते.

"झोपेसाठी हाय काका," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसरा काय नाय. विकाय-बिकाय नाय."

तो दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला होता. तेव्हापासून त्याची पाठ धरलेली होती. दिवसभर तो उकिडवा बसून फरशी बसवी, संध्याकाळी पट्टा बांधून भिंतीला टेकून उभा राही, आणि त्याला झोप येत नसे. हे खरे होते. माझी खाट त्याच्याच खोलीत होती.

मी नको म्हणालो नाही. मी म्हणालो, "माती आत्ताच ओली केली आहे."

संमती म्हणून माझ्या तोंडून गेले ते हे एवढेच वाक्य. त्याने बिया टाकल्या, मी बघत राहिलो.

तीन रोपे आली. मी त्यांना वाढवले असे मी म्हणणार नाही. तरी काकडीला पाणी घालताना उरलेले मी त्यांना घालीत असे, आणि पुढे काकडीला उरलेले मिळू लागले. हा बदल केव्हा झाला ते मला सांगता येत नाही. ती झाडे माझ्या काकडीसारखी नव्हती. सकाळी कामावर जाताना पाहावे आणि संध्याकाळी परत यावे, एवढ्या वेळात ती वाढलेली दिसत. गोदामात डब्यावरची 'भरघोस' ही अक्षरे मी वर्षानुवर्षे वाचत आलो होतो. त्यांचा अर्थ डोळ्यांसमोर पहिल्यांदाच उभा राहत होता, आणि तो या झाडात उभा राहत होता. मला आनंद झाला असे नाही. परंतु मी बाल्कनीचे दार उघडून पाच मिनिटे उभा राहत असे. यापूर्वी मी कशासाठीही असा उभा राहिलेलो नव्हतो.

तिन्ही झाडे एकमेकांसारखी नव्हती. दोन उंच, एक बुटके आणि दाट. फरशीवाल्याला ते खटकले.

"काका, बी एकच ना? मग ह्याला काय झाला?"

"संकरित झाडापासून धरलेले बी असेल. पहिली पिढी एकसारखी येते. तिचे बी पुन्हा पेरले की पिढी फुटते. कोणते झाड कोणावर जाईल सांगता येत नाही."

"म्हंजे आईबापासारखा निघल असा काय नाय?"

"नाही."

"मग आमच्या घरासारखाच झाला," तो म्हणाला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. मी सांगितलेले कोणी इतक्या लक्षपूर्वक ऐकावे, हेही मला नवीन होते.

चाचा बाल्कनीत सहसा येत नसत. एका शुक्रवारी ते लुंगी वाळत घालायला आले आणि डब्यांपुढे थांबले.

"मास्तर, ही काकडी नाय दिसत."

फरशीवाला माझ्या मागे होता. मला वाटते, तो माझ्याकडे पाहत असावा.

"अंबाडी आहे," मी म्हणालो.

"अंबाडा? आमच्याकडं ते झाडावर लागतात. लोनच्याचे."

"ते निराळे. ही आमच्याकडची. पाल्याची आंबट भाजी करतात."

"असा," चाचा म्हणाले. त्यांनी एका पानाला बोट लावले. "तुमाला गावची आठवन आली ती लावली. बरा केला."

खरोखरच अंबाडीचे पान लांबून तसेच दिसते. आमच्या शेताच्या बांधावर ती असे. आई तिची भाजी कण्या आणि भरपूर लसूण घालून करीत असे. दहा गुणांचे उत्तर लिहिणाऱ्या माणसाने ही थाप रचली म्हणून ती कोणाला संशयास्पद वाटण्यासारखी नव्हती. चाचा तर माझ्या हाताचा कागदही वाचून पाहत नसत. आपण आत्ता खोटे बोललो, हे मला त्या क्षणी समजले होते. मी चाचांच्या लुंगीला चिमटे लावून दिले.

डिसेंबरच्या मध्यावर हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, वर आला. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने तक्रार केली होती. तो मोडक्या हिंदीत म्हणाला की जिन्यात वास येतो, कसला तरी उग्र, रोज येतो, आणि तो याच घरातून येतो.

मी दाराच्या आत उभा होतो. माझ्या हातात चहाचा कप होता.

चाचा पुढे झाले. त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले. "अरे भाई, वो मेरा मच्छी है. सूखा मच्छी. माफ करना. अभी बंद."

"रोज रोज मच्छी?" हारिस म्हणाला.

"हमारा कोकन का आदमी है, क्या करेगा," चाचा म्हणाले. हारिस हसला. पुन्हा तक्रार आली तर मालक स्वतः घर बघायला येईल, असे त्याने बजावले, आणि तो गेला.

चाचा आठवड्यातून दोनदा सुकट किंवा बोंबील भाजत. तेवढाच त्यांचा शौक होता. त्यांनी त्याच संध्याकाळी बरणी उतरवली, सुकट दोन पिशव्यांत बांधली आणि दुसऱ्या दिवशी दुकानावरच्या लोकांना वाटून टाकली. मी ते पाहिले. "चाचा, तो वास तुमच्या सुकटीचा नव्हता," हे वाक्य माझ्याजवळ तयार होते. व्याकरणाच्या दृष्टीनेही त्यात काही दोष नव्हता. ते मी उच्चारले नाही. पिशव्यांची गाठ मारायला त्यांना दोरी हवी होती, ती मी आणून दिली.

त्या दिवशी मी फरशीवाल्याला एकट्याला गाठून म्हणालो, "काढून टाकू या."

"अजून पंधरा दिवस, काका."

"घर चाचांच्या नावावर आहे."

"मला म्हायत नाय काय?" तो चिडून म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पंधरा दिवस. माझ्या पोराची शपथ. मग मी सोता उपटतो."

मी बरे म्हणालो. मालक या पंधरा दिवसांत आला तर काय, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही आणि स्वतःलाही विचारला नाही. माझी भीती कोठेतरी असेल, परंतु ती मला सापडत नव्हती. चष्मा डोळ्यांवर असताना माणूस घरभर शोधतो, तशी माझी अवस्था असावी. फरक एवढाच की मी शोधतही नव्हतो.

दहाव्या दिवशी शुक्रवार आला.

शुक्रवारचा स्वयंपाक चाचांचा असे. मी दुपारी कपडे धुण्याच्या दुकानातून परत आलो तेव्हा चाचा नमाज पढून केव्हाच आलेले होते. ताटे मांडलेली होती, खुबूसच्या रोट्यांची चवड फडक्यात गुंडाळलेली होती, मध्ये झाकलेले पातेले. फरशीवाला पट्टा बांधून भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बाल्कनीच्या दाराकडे.

"बसा मास्तर, बसा," चाचा म्हणाले. ते खुशीत होते. "आज तुमच्या गावची पार्टी. सुकट गेली, म्हटला काय करायचा? तर आपलीच भाजी घरात उभी हाय. दुकानात एक आंध्राची बाई येते, तिला इचारला. ती बोलली आमी ह्याला गोंगुरा बोलतो, डाळीत टाका, लसून टाका, सुकी मिरची टाका."

त्यांनी झाकण काढले. तुरीची डाळ होती आणि तिच्यात हिरवे.

मी बाल्कनीत गेलो. बुटक्या झाडाचा शेंडा खुडलेला होता आणि उंच झाडांची खालची पाने. चाचांनी नीट, देठापासून, झाडाला इजा होऊ नये अशा बेताने खुडली होती. मी परत येऊन ताटावर बसलो.

"पन एक बोलतो," चाचा वाढता वाढता म्हणाले, "तुमी बोल्लात आंबट असते. आंबट कुठं हाय? मी मीठ बघायला चमचाभर खाल्ली तर नुस्ता कडवट पाला. मग चार आमसुला टाकली."

"खाल्ली तुम्ही?" मी विचारले.

"चमचाभर. मीठ नको बघायला?"

फरशीवाला एकदम म्हणाला, "जेवा की काका. एवढी प्रेमानं केलीय." त्याचे ओठ हलत नव्हते. त्याचा अर्थ मला कळला. थोडे खा, पोटात दुखते म्हण, उरलेले टाकून दे, संपले. तसे करता आले असते. चाचांनी खुबूसचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि बिस्मिल्ला म्हणून तोंडाकडे नेला.

मी त्यांचे मनगट धरले.

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी स्पर्श केलेला नव्हता. ते माझ्याकडे बघू लागले. त्यांना वाटले असावे की मला काही होत आहे.

"ही अंबाडी नाही," मी म्हणालो. "ही भांगेची जात आहे, चाचा. जिचा गांजा करतात."

त्यांनी हाताकडे पाहिले. तुकड्यावरून डाळ त्यांच्या बोटांवर ओघळत होती. मग त्यांनी तुकडा ताटात ठेवला, अगदी हळू, आणि ते उठून मोरीत गेले. चूळ भरण्याचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला.

"काका, काय केलंत हे," फरशीवाला म्हणाला. "मेलो आता."

चाचा बाहेर आले तेव्हा त्यांची दाढी ओली होती. ते पुन्हा जागेवर बसले नाहीत.

"कोनी लावली?"

"मी," फरशीवाला म्हणाला. "चाचा, पाठीसाठी. देवाशप्पत, झोप येत नाय म्हणून..."

"तुला मी नाय इचारला." ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमाला म्हायत होता?"

"होते."

"कधीपास्ना?"

"बी पाहिल्यापासून."

ते मान हलवत राहिले. आपण एखादा हिशेब ऐकत आहोत अशी. "त्यानं मला सांगितला असता अंबाडी, तर मी इश्वास नसता ठेवला," ते म्हणाले. "हा कोकनातला, ह्याला काय अंबाडी म्हायत. तुमी सांगितला."

मी पातेल्यावर झाकण ठेवले.

"हारिस आला तवा तुमी हितंच उभे होता. चहा पीत."

"होय."

"घर कोनाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"मी माझी सुकट वाटली, मास्तर," चाचा म्हणाले. एवढेच. त्यांचा आवाज वाढलेला नव्हता. मग त्यांनी पातेल्याकडे बोट केले. "पुढच्या नमाजाची, अस्रची अजान होईतो घरात पानसुद्धा नको. मी हात लावनार नाय. मी खाली जाऊन बसतो." आणि चपला घालून ते गेले.

ते काम मी केले. फरशीवाल्याला वाकता येत नव्हते, आणि त्याची तशी इच्छाही दिसत नव्हती. तो भिंतीला टेकून बसून राहिला. मी झाडे मुळासकट उपटली. बियांची बाटली त्याने स्वतःच काढून माझ्या हातात दिली. डाळीपासून मुळांपर्यंत सारे शौचकूपातून गेले. पाणी ओतायचे, टाकी भरण्याची वाट पाहायची, पुन्हा ओतायचे. हाताला चिकट वास लागला, तो साबणाने जाईना. माती तेवढी डब्यांत राहिली. इतके आठवडे मी रोज ज्यांच्यासमोर उभा राहत होतो ती तीन झाडे मी तोडली, आणि तोडताना माझा हात थांबला नाही. मी स्वतःकडे पाहत होतो. काही होईल अशी मी खरोखरच वाट पाहत होतो. झाले नाही.

शेवटची टाकी भरत असताना फरशीवाला दाराशी आला.

"एक सांगू काका? तुमी पयल्या दिवशी नको बोल्ला असता ना, तर मी ऐकला असता."

"खरेच?"

"शिकलेला मानूस नको बोल्ला म्हंजे नको. मी बाटली तुमच्याकडं कशाला आनली मग? मी वाट बघत होतो तुमी काय बोलता त्याची."

मी साखळी ओढली.

अजान झाली, चाचा वर आले. त्यांनी बाल्कनीत जाऊन पाहिले, मोरीत पाहिले, माझ्या खाटेखालीही वाकून पाहिले. मग स्नान करून नमाजाला उभे राहिले. त्यानंतरच्या दिवसांत ते आम्हा दोघांशी बोलत असत. गॅस संपला, पाणी येत नाही, असे आवश्यक ते सारे बोलत. शुक्रवारचा स्वयंपाक मात्र त्यांनी परत केला नाही. फरशीवाला महिनाअखेरीस आपल्या कामावरच्या लोकांबरोबर राहायला गेला. जाताना त्याने माझ्या पायांना हात लावला. मी त्याला सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरची वेळ घेऊन देतो म्हणालो होतो, आणि ती घेऊन दिली. तो गेला किंवा नाही हे मला कळले नाही.

जानेवारीत चाचांनी सांगितले की ते घर सोडत आहेत. त्यांच्या दुकानमालकाचे जहऱ्याला दुसरे दुकान होते, त्यामागे एक खोली होती. गावी जाईपर्यंतचे सात-आठ महिने ते तेथे काढणार होते.

"घर माझ्या नावावर करून घेऊ या," मी म्हणालो. "तुम्ही राहा. तुमच्यावर काही येणार नाही."

"तुमी घ्या नावावर," ते म्हणाले. "मी जातो. घरमालकाला घर सोडल्याचा अर्ज पायजे. तो लिहा."

मी अर्ज लिहिला. नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक लिहिला, इंग्रजीत, कारण मालकाच्या कार्यालयात तीच चाले. घर सोडण्याचे कारण म्हणून 'वैयक्तिक' असा शब्द योजला. खाली चाचांचे नाव टाइप केले, सहीसाठी जागा सोडली आणि पेन त्यांच्यापुढे धरले. इतकी वर्षे आमच्यात ही एक ठरलेली रीत होती. मी कागद पुढे करीत असे, चाचा "कुठं?" असे विचारीत, मी बोट ठेवी, ते सही करीत. काय लिहिले आहे ते त्यांनी एकदाही विचारले नव्हते.

त्यांनी पेन घेतले नाही. कागद उचलला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"दुकानात मलबारी मॅनेजर हाय," ते म्हणाले. "तो वाचून दाखवतो. मग सही करतो."

"बरे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज परत आणला. सही केलेली होती. मॅनेजरला एक चूक सापडली होती: घर सोडण्याच्या तारखेत मी गेल्या वर्षाचा आकडा टाकला होता. चाचांनी तो पेनाने दुरुस्त करून शेजारी लहान सही केली होती. मी तो अर्ज मालकाच्या कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली.